सुदानच्या राजाची उशिरा ऐकू आलेली गाणी

पंच्याऐंशीच्या घरातल्या गायकाची जगाशी नव्याने ओळख व्हावी, हे तसे क्वचितच घडते. २०२० साली जर्मनीतल्या बर्लिन शहरातून एक काळी तबकडी बाहेर पडली. आत सात गाणी. भाषा अरबी, पण कानावर पडत होते ते गिटारचे झंकार, सॅक्सोफोनची साद आणि पावलांना स्वस्थ बसू न देणारा ठेका. गाणी होती कित्येक दशकांपूर्वीची, आणि गायकाचे नाव शरहबील अहमद. तबकडीचे शीर्षक इंग्रजीत होते. मराठीत सांगायचे तर, ‘सुदानी जॅझचा राजा’.

युरोप-अमेरिकेतल्या संगीतशौकिनांना मोठाच आनंद झाला. अरबी भाषेत असे काही गायले जात होते, आणि तेही नाईल नदीच्या काठी, याची त्यांना कल्पना नव्हती. हरवलेला हिरा सापडला, अशा थाटात या गाण्यांचे स्वागत झाले. ओमदुरमान शहरातल्या एखाद्या आजीबाईला मात्र हे ऐकून हसू आले असते तर नवल नव्हते. कारण तिच्या लेखी शरहबील कधी हरवलेच नव्हते. तिने तरुणपणी त्यांची गाणी रेडिओवर ऐकली होती आणि तिच्या मुलांनी त्यांची चित्रे मासिकात पाहिली होती. होय, चित्रे! हा राजा नुसता गाणारा नव्हता. पण ती हकिगत पुढे.

हरवले होते ते वेगळेच काही. ही गाणी सुदानबाहेर कोणाला ऐकायची म्हटली तरी ऐकण्याचे साधन उरले नव्हते. आणि पुढे काही वर्षांतच वेळ अशी आली, की खुद्द सुदानमध्येही ती उरतात की नाही, अशी शंका यावी.

खडकवासल्याचा दुवा

सुदान म्हटल्यावर आपल्याला चटकन काय आठवते? वाळवंट, दुष्काळ, यादवी. वर्तमानपत्रांनी याखेरीज फारसे काही कळू दिले नाही. पण पुण्याच्या लोकांना या देशाचे नाव चांगले परिचयाचे आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची ती घुमट असलेली देखणी मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ म्हणूनच ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजांना रोखण्यासाठी भारतीय पलटणी सुदान आणि एरिट्रियाच्या रणभूमीवर लढल्या. त्यात मराठा पलटणीही होत्या. त्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानकडून आलेल्या देणगीतला वाटा या इमारतीच्या कामी आला. पुढे १९५३ साली सुदानमध्ये पहिली संसदीय निवडणूक झाली, तीही एका भारतीयाच्या देखरेखीखाली. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या. म्हणजे हा देश आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

निळी नाईल आणि पांढरी नाईल यांचा संगम जिथे होतो, तिथे खार्टूम ही राजधानी वसली आहे. नदीच्या पलीकडच्या तीरावर ओमदुरमान. खार्टूम हे सरकारी कचेऱ्यांचे शहर, तर ओमदुरमान हे बाजारपेठेचे, गल्लीबोळांचे, कवी-गायकांचे. देशाचे रेडिओ केंद्रही तिथेच, १९४० साली सुरू झालेले. याच ओमदुरमानात १९३५ साली शरहबील यांचा जन्म झाला.

पिशवीतली गाणी

त्यांच्या लहानपणी सुदानी गाणे म्हणजे ‘हकीबा’. मुख्य गायक, मागे साथ देणारे दोघे-तिघे, टाळ्यांचा ठेका आणि हातात खंजिरीसारखे ‘रिक्क’ नावाचे वाद्य. बस्स, एवढेच. हकीबा या शब्दाचा अर्थ पिशवी किंवा बॅग. जुनी गाणी ऐकवणारा ‘कलेची पिशवी’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम पुढे रेडिओवर लोकप्रिय झाला आणि त्या कार्यक्रमाचे नावच गाण्याच्या प्रकाराला चिकटले. आपल्याकडे काही गाण्यांना लोक आजही ‘बिनाका’ची गाणी म्हणतात, तसलाच हा प्रकार.

हळूहळू हकीबाच्या जोडीला ऊद हे तंतुवाद्य आले. मग व्हायोलिन आले, अकॉर्डियन आले. शरहबील यांची सुरुवातही ऊदनेच झाली. पण त्यांच्या कानांवर आणखीही बरेच काही पडत होते. इंग्रजांनी मागे ठेवलेल्या लष्करी बँडची पितळी वाद्ये होती. दक्षिणेकडून, काँगो-केनियाकडून येणारी गिटारची गाणी होती. १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. त्याच वर्षी हॅरी बेलाफाँटेच्या कॅलिप्सो गाण्यांनी अमेरिका दुमदुमली आणि पाठोपाठ रॉक अँड रोलची लाट जगभर पसरली. नव्या देशातल्या विशी-पंचविशीच्या मुलांना नवे काही करून पाहायचे होते. शरहबील यांनी ऊद बाजूला ठेवला नाही, पण हाती इलेक्ट्रिक गिटार घेतली. सुदानी गाण्यात हे वाद्य आणून रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अगदी पहिल्या रांगेत घेतले जाते.

इथे संगीतातली एक गंमत समजून घेतली पाहिजे, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे. अरबी संगीत म्हटले की आपल्याला उम्म कुलसूमसारख्या इजिप्शियन गायिकेचा तास-तास चालणारा गंभीर आलाप आठवतो. त्या संगीतात दोन सुरांच्या मधल्या बारीक सुरांना, पाव सुरांना, फार महत्त्व. गिटारच्या दांडीवर मात्र धातूच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या असतात. त्यांच्या मधला सूर नीट हाती लागत नाही. आपल्याकडे बाजाच्या पेटीवर हाच आक्षेप होता. तिच्यावर श्रुती निघत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तब्बल तीस वर्षे पेटीला दाराबाहेर ठेवले होते! कैरोच्या वादकांपुढेही गिटार-पियानो हाती घेताना हीच अडचण असे.

सुदानी गायकांपुढे ती नव्हती. त्यांची भाषा अरबी, पण गाणे आफ्रिकेचे. बहुतेक सुदानी गाणी अवघ्या पाच सुरांवर उभी असतात. आपला भूप आठवा. सा, रे, ग, प, ध, एवढ्यातच सगळी इमारत. हे पाच सूर गिटारवर, सॅक्सोफोनवर, ट्रम्पेटवर बिनबोभाट बसतात. म्हणूनच शरहबील यांच्या गाण्यात पाश्चात्त्य वाद्ये पाहुण्यासारखी अवघडून बसलेली वाटत नाहीत. घरच्यासारखी मांडी घालून बसतात.

या नव्या प्रकाराला सुदानात नाव मिळाले ‘जॅझ’. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझशी त्याचे नाते फारसे नाही. गिटार, ड्रम, पितळी वाद्ये घेऊन नाचण्याजोगे गाणे वाजवणारे पथक, एवढाच तिथे या शब्दाचा अर्थ. अमेरिकेत पुढे जेम्स ब्राऊनने ज्या ठसकेबाज प्रकाराला आकार दिला, तो ‘फंक’. त्यात चालीपेक्षा ठेक्याला मान. गिटार, बास, ड्रम सगळे मिळून एकच फिरते चक्र वाजवत राहतात आणि गायक त्यावर स्वार होतो. त्याच्या खुणाही सुदानी गाण्यांत दिसू लागल्या. शरहबील यांचे पथक साठीच्या दशकात पुढे आले आणि ‘जॅझचा राजा’ ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

राजाची गिटारवाली राणी

या पथकात एक गिटार वाजवणारी व्यक्ती होती, झाकिया अबू बक्र. शरहबील यांच्या पत्नी. सुदानातली पहिली स्त्री गिटारवादक म्हणून त्यांची नोंद केली जाते.

हे वाक्य वाचायला सोपे आहे, पण त्यामागचा काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. चाळीसच्या दशकात आयेशा अल-फलातिया ही गायिका रेडिओ ओमदुरमानवर गाणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा काही पुरुष कलावंतांनीच नाके मुरडली होती. आयेशाने त्यांना न जुमानता युद्धकाळात सैनिकांच्या छावण्यांमध्ये जाऊन गाणी म्हटली. तिची बहीण तिला ऊदवर साथ करी. आपल्याकडे सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका गाणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला जे आले, त्याहून हे फार निराळे नव्हते. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी घरंदाज विवाहित स्त्रीने साडीसारखा अंगभर गुंडाळायचा ‘तोब’ ज्या देशात नेसायचा, त्या देशात एका स्त्रीने गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून पुरुषांच्या पथकात, नवऱ्याच्या शेजारी उभे राहायचे! गाणारी स्त्री लोकांनी एव्हाना स्वीकारली होती. वाजवणारी स्त्री हे प्रकरण वेगळे. गाण्यात निदान गळा देवाचा असे म्हणता येते. वाद्य तासन् तास बसून शिकावे लागते, आणि तेवढा वेळ बाईमाणसाला द्यायला समाज सहसा तयार नसतो.

सत्तरीच्या दशकात तिथे ‘अल-बलाबिल’ नावाचे तीन बहिणींचे गायनपथक गाजले. या बहिणी नुबियन होत्या. त्यांच्या नावाचा अर्थ बुलबुल पक्षी. त्या काळच्या ओमदुरमानच्या रंगमंचावर स्त्रिया अशा नाना रूपांनी वावरत होत्या, हे पुढच्या वीस वर्षांत काय झाले ते समजण्यासाठी लक्षात ठेवलेले बरे.

मुलांचा चित्रकार

आता त्या चित्रांची हकिगत. शरहबील यांनी खार्टूमच्या तंत्रशिक्षण संस्थेत कलेचे शिक्षण घेतले होते. गाण्यावर नाव मिळाले, तरी त्यांनी कुंचला सोडला नाही. शिक्षण खात्याच्या प्रकाशन विभागातर्फे ‘अल-सिब्यान’ नावाचे मुलांचे मासिक निघे. सिब्यान म्हणजे मुलगे. आपल्या पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ आठवले की या मासिकाची जातकुळी ध्यानात येईल. या मासिकासाठी आणि मुलांच्या पुस्तकांसाठी शरहबील चित्रे काढीत. त्यांच्या हातून उतरलेला ‘अम्कू तांगो’, म्हणजे तांगोकाका, हा चित्रकथेचा नायक तिथल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांचा सोबती झाला.

म्हणजे दिवसा मुलांसाठी तांगोकाका आणि रात्री मोठ्यांसाठी नाचाची गाणी. या माणसाला विस्मृतीत गेलेला म्हणायचे, तर ती विस्मृती कोणाची, असा प्रश्न पडतो. सुदानबाहेरच्यांची, हे उघड आहे. सुदानात मात्र त्यांची गाणी विसरली गेली नव्हती. ती ऐकू येईनाशी केली गेली होती.

वाद्ये गप्प होतात

१९६९ साली लष्करी उठाव करून सत्तेवर आलेले जाफर निमेरी सुरुवातीला कलावंतांना मानणारे होते. पण सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी देशभर शरियत कायदा लागू केला. दारूच्या बाटल्या नाईल नदीत रिकाम्या करण्यात आल्या, आणि हॉटेले-क्लबांतल्या रात्रींवर पडदा पडला. वाजवणाऱ्यांची रोजीरोटी त्याच रात्रींवर चाले. १९८५ मध्ये निमेरी गेले, चार वर्षे थोडा मोकळा वारा वाहिला. आणि ३० जून १९८९ रोजी ओमर अल-बशीर यांनी सत्ता बळकावली. ते तीस वर्षे टिकले.

बशीर यांच्या राजवटीने रात्रीची संचारबंदी आणली. लग्नाच्या मेजवानीतले गाणे-बजावणेही वेळेत बंद करावे लागे. ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’च्या नावाखालच्या कायद्यांनी स्त्रियांनी काय ल्यावे, कोणासोबत हिंडावे, हे पोलिसांच्या हाती दिले. स्त्री-पुरुषांनी एकत्र नाचणे हा गुन्हा ठरला. रेडिओवर अनेक गाणी वाजेनाशी झाली. मोहम्मद वर्दी हा सुदानचा सर्वांत लाडका गायक परदेशी निघून गेला आणि कित्येक वर्षांनी परतला. नोव्हेंबर १९९४ मध्ये तर ओमदुरमानच्या कलावंतांच्या क्लबात घुसून एका माथेफिरूने खोजली उस्मान या गायकाला भोसकून ठार केले.

अशा वातावरणात नाचाचे गाणे गाणाऱ्या पथकांचे काय होणार? काही पांगली, काही आखाती देशांत नोकऱ्यांच्या शोधात गेली. ज्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, त्या थोड्याच प्रतींत होत्या. कॅसेटवरून कॅसेट अशा नकला होत गेल्या आणि दर नकलेगणिक आवाज थोडा थोडा विरत गेला. आपल्याकडच्या कॅसेटच्या दिवसांत ज्यांनी तिसऱ्या हाताने नक्कल केलेली नाट्यगीते ऐकली आहेत, त्यांना तो घरघराट वेगळा सांगायला नको.

कमाल केला हे याच पिढीतले दुसरे गायक, अस्सल फंक गाणारे. १९९२ साली, दक्षिणेशी यादवी ऐन भरात असताना, त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांत मुसलमान आणि ख्रिस्ती यांनी सलोख्याने राहावे असे आवाहन होते. काही गाणी अरबीत, काही इंग्रजीत. त्या फिती तशाच राहिल्या. त्या २०१८ मध्ये तबकडी होऊन निघाल्या, तोवर दक्षिण सुदान वेगळा देश होऊन सात वर्षे झाली होती.

कासाब्लांकाच्या दुकानात

या फिती आणि शरहबील यांची गाणी जगापुढे आणणाऱ्या बर्लिनच्या प्रकाशन संस्थेचे नाव ‘हबीबी फंक’. हबीबी म्हणजे प्रिय. ती चालवणारे यानिस श्ट्युर्ट्झ हे जर्मन गृहस्थ. त्यांची सुरुवात सुदानात झाली नाही, मोरोक्कोत झाली. घानाच्या एका रॅप गायकाच्या दौऱ्याबरोबर ते तिकडे गेले होते. कासाब्लांका शहरात फिरताना एका जुनाट दुकानात त्यांना धूळ खात पडलेल्या तबकड्या दिसल्या. त्यातल्या एकीवर फदूल नावाच्या गायकाने जेम्स ब्राऊनच्या १९६५ सालच्या प्रसिद्ध गाण्याची चाल उचलून त्यावर मोरोक्कोच्या अरबीत धमाल केली होती.

हा फदूल कोण, हे शोधायला वर्षे गेली. नाटक, सर्कस, चित्रकला असे सगळे करून गाण्याकडे वळलेला अवलिया माणूस. काही काळ पॅरिसमध्ये राहून आलेला. कासाब्लांकात विचारपूस करता करता अखेर त्याचे कुटुंबीय सापडले. फदूल मात्र १९९१ सालीच वारला होता. २०१५ मध्ये त्याच्या गाण्यांची तबकडी निघाली, युरोपातल्या पोरांनी तिच्यावर नाच केला. ते पाहायला तो नव्हता.

शरहबील यांच्या बाबतीत ही चुकामूक टळली. तबकडी निघाली तेव्हा ते हयात होते.

या धंद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुन्या तबकड्यांचा बाजार आता जगभर मोठा झाला आहे. सुदानच्याच ‘स्कॉर्पियन्स’ पथकाने १९८० साली कुवेतमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या तबकडीची मूळ प्रत हौशी संग्राहकांनी हजार डॉलरहून अधिक मोजून घेतली. या पैशातला छदामही वादकांना मिळत नाही, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही तिऱ्हाईत. मुंबईच्या चोरबाजारात किलोच्या भावाने घेतलेली जुनी तबकडी लंडनला जाऊन शंभरपट किमतीला विकली जाते, तेव्हा आपल्याही संगीतकारांचे हेच होते. शिवाय बिनपरवाना पुन्हा छापणारे चोर आहेतच.

म्हणून, तिसऱ्या जगातल्या माणसाचे गाणे युरोपातल्याने ‘शोधून’ काढायचे आणि त्यावर पैसे करायचे, ही जुनीच वसाहतवादी चाल नाही का, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. श्ट्युर्ट्झ तो टाळत नाहीत. त्यांच्या संस्थेचा नियम असा, की गाण्याची मालकी कलावंताकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहते, संस्था ठरावीक मुदतीपुरता परवाना घेते आणि नफा निम्मा-निम्मा वाटला जातो. आणखी एक बारीकसा नियम आवर्जून सांगण्यासारखा आहे. मुखपृष्ठावर उंट, वाळवंट, बेली डान्सर असली चित्रे टाकायची नाहीत. अरब म्हटले की एवढेच दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला हे थोडे गैरसोयीचेच. पण ज्या गायकाने स्वतः चित्रकार म्हणून उमेदीची वर्षे घालवली, त्याच्या तबकडीवर असले काही छापणे शोभलेच नसते.

याच क्षेत्रात ‘ऑस्टिनाटो’ ही दुसरी संस्था आहे आणि तिचे संस्थापक आहेत विक सोहोनी. नाव वाचून मराठी वाचकांचे कान टवकारतील! सोहोनी भारतीय वंशाचे. त्यांनी २०१८ मध्ये सुदानी व्हायोलिन आणि सिंथेसायझरच्या गाण्यांचा संग्रह काढला. त्याआधी, २०१७ मध्ये सोमालियाच्या जुन्या गाण्यांचा त्यांचा संग्रह आला होता आणि त्याला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. त्या संग्रहामागची हकिगत चित्रपटात शोभावी अशी आहे. १९८८ साली सोमालियाचा हुकूमशहा सियाद बार्रे याच्या विमानांनी हर्गेसा शहरावर बाँब टाकले. तेव्हा गाणी वाचवण्यासाठी ध्वनिफिती आणि कॅसेटी जमिनीखाली दडवण्यात आल्या होत्या. सोन्याचे हंडे पुरावेत तशी गाणी पुरली गेली, आणि पुढे शांतता झाल्यावर उकरून काढली गेली.

रेडिओची इमारत

सुदानात डिसेंबर २०१८ पासून लोक रस्त्यावर उतरले. महागलेल्या पावापासून सुरू झालेले आंदोलन बशीर यांच्या राजवटीपर्यंत पोचले. एप्रिल २०१९ मध्ये बशीर यांना पायउतार व्हावे लागले. खार्टूमच्या लष्करी मुख्यालयासमोर हजारो तरुण-तरुणींनी ठिय्या दिला, तेव्हा तिथे वर्दींची साठीच्या दशकातली गाणी म्हटली गेली. त्या गाण्यांच्या वेळी जन्मालाही न आलेल्या मुलांना ती पाठ होती. ३ जून रोजी त्या ठिय्यावर गोळीबार झाला आणि शंभराहून अधिक माणसे मारली गेली. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये तो ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’चा कायदा रद्द झाला. शरहबील यांची तबकडी आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. देशात थोडी आशा होती, असा तो काळ.

ती आशा टिकली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. लढाई सीमेवर नव्हती, खार्टूम आणि ओमदुरमानच्या गल्ल्यांत होती. एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून परागंदा झाले. गायक, वादक, चित्रकार त्यांतच होते. घर सोडताना माणूस कागदपत्रे घेतो, दागिने घेतो, लेकरे घेतो. फितींची खोकी कोण उचलणार?

युद्धाच्या पहिल्याच दिवसांत निमलष्करी दलाने ओमदुरमानच्या रेडिओ-दूरदर्शन केंद्राचा ताबा घेतला. १९४० पासूनचा देशाचा आवाज याच आवारात साठवलेला होता. आयेशा अल-फलातियाचा, वर्दींचा, शरहबील यांचाही. जवळजवळ अकरा महिने ते आवार रणांगण झाले होते. मार्च २०२४ मध्ये लष्कराने ते परत मिळवले. खार्टूमच्या राष्ट्रीय संग्रहालयातून प्राचीन वस्तू लुटल्या गेल्याचे त्यानंतर वर्षभराने, शहर लष्कराच्या हाती आल्यावर, जगाने छायाचित्रांत पाहिले. जुनी छायाचित्रे, कागदपत्रे, फिती यांच्या संगणकीय प्रती करून ठेवण्याचे ‘सुदान मेमरी’ नावाचे काम युद्धापूर्वीच सुरू झाले होते. सुदानी संस्था आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले अभ्यासक यांनी मिळून ते उभे केले. या कामात ज्यांची प्रत निघाली, ते तेवढे युद्धाच्या आवाक्याबाहेर राहिले.

शरहबील यांची सात गाणी अशीच बाहेर राहिली. ती ज्या हेतूने छापली गेली तो हा नव्हता. बर्लिनच्या नाचघरात वाजावीत, शौकिनांनी विकत घ्यावीत, एवढाच व्यवहार होता. पण आज जपानपासून अमेरिकेपर्यंत कोणाकोणाच्या घरच्या फडताळात ती तबकडी आहे, आणि ज्याच्याजवळ तबकडी नाही त्यालाही ती इंटरनेटवर ऐकता येते. हैदराबाद किंवा इंदूरच्या एखाद्या घरात बसून, मोबाइलवरही. आणि ऐकताना पाच सुरांची ती गिटार कानाला परकी वाटत नाही.

‘झुलुम अल-दुनिया’, जगाचा जुलूम, असे त्यातल्या एका गाण्याचे नाव आहे. जुलूम आणि दुनिया हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला कोशात शोधावे लागणार नाहीत. सुरुवातीच्या गाण्याचे नाव मात्र निराळ्या मिजाशीचे आहे. ‘अर्गुस फर्फिश’. नाच, मजा कर.